तपकिरीच्या डबीतली टर्की

आजीच्या तपकिरीची डबी रिकामी झाली तरी कधी फेकली गेली नाही. शर्टाची सुटी बटणं, सुया, एखादं चालेनासं झालेलं नाणं, असं काहीबाही तिच्यात जाऊन बसायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसीकडे, अशीच डबी घरोघर असे. तिथेही तपकीर नाकात ओढण्यापेक्षा ओठाआड धरण्याची सवय जास्त, जशी आपल्याकडे बायका ती दाताला लावत. मात्र रिकाम्या डबीत तिथला माणूस बटणं ठेवत नसे. तो तिच्यातून पाखरू बोलवी.

कृती अशी. डबीचा तळ कापून टाकायचा. झाकणाला अर्धचंद्रासारखं भोक पाडायचं. डॉक्टरी हातमोज्याचा किंवा फुग्याचा पातळ तुकडा त्यावर ताणून रबरबँडनं आवळायचा, पण पूर्ण झाकायचं नाही. रबराची कड आणि पत्रा यांच्यात एक बारीक फट सोडायची. सगळं त्या फटीवर. ती रुंद झाली तर नुसती फुसफुस, फारच बारीक झाली तर कानात शिरणारी चिरकी शिट्टी. मग खालचा ओठ रबरावर टेकवून बेंबीच्या देठापासून तुटक फुंकर मारायची. रबराची मोकळी कड थरथरते, पत्र्याची डबी त्या थरथरीला अंग देते, आणि उघड्या तळाशी धरलेला तळहात कमीजास्त उघडला की आवाज जवळचा किंवा लांबचा होतो. रानटर्कीच्या मादीची साद दोन पदरी असते: सुरुवातीला उंच, स्वच्छ, आणि लगेच खाली कोसळणारी, खरखरीत. हे दोन्ही पदर एकाच फुंकरीत, न तुटता, यावे लागतात. कित्येकांचा पहिला महिना नुसत्या फरफरीत जातो.

तिकडे या वस्तूला साधं 'कॉल' म्हणतात. मी तिला 'साद' म्हणेन. आपल्या शिकारीच्या शब्दसंग्रहात 'हाकारा' आहे, पण त्यात ढोल-डबे वाजवून जनावर उठवायचं आणि बंदुकीकडे पिटाळायचं असतं. इथे नेमकं उलटं आहे. झाडाला पाठ टेकून, हलायचंसुद्धा नाही असं ठरवून बसायचं आणि पाखराला आपणहून येऊ द्यायचं.

त्यातही मोठी अडचण आहे. वसंतात रानटर्कीचा नर पहाटे झाडावरून घशातला गडगडाट सुरू करतो, आणि रानाचा रिवाज असा की तो ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच स्वतःकडे बोलावतो, म्हणजे रिवाजच फिरवायला सांगतो. म्हणून नर थबकतो, पिसारा फुलवून जागच्या जागी फिरतो, तीच येईल म्हणून वाट बघतो. अशा वेळी जो सारखा वाजवत राहील तो हरला. कसलेला शिकारी दोन-तीन सादा देऊन गप्प बसतो, कधी अर्धा-पाऊण तास. या कलेतला निम्मा भाग न वाजवण्याचा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या पक्ष्याशी आपला जुना संबंध आहे, आणि तो गोव्यामार्गे. जहांगीर बादशहानं मुकर्रबखानाला नवलाईच्या वस्तू खरेदी करायला गोव्याला धाडलं होतं. 1612 मध्ये तो परतला तेव्हा पोर्तुगिजांच्या जहाजांमधून आलेली टर्की त्याच्यासोबत होती. बादशहानं आठवणींत तिचं वर्णन लिहून ठेवलं, डोक्याचा आणि गळ्याचा रंग सरड्यासारखा बदलतो हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. आणि उस्ताद मन्सूरनं काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याचा लोंबता मांसल पडदा आणि एकेक पीस असं रंगवलंय की जवळ गेलं तर ती मान वळवील.

पण सादेकडे परतू: डबी हा तिच्या कुळातला धाकटा वंशज. थोरला आहे तो हाडाचा.

टर्कीच्या मादीच्या पंखात दंडाचं एक आणि कोपरापुढची दोन अशी तीन पोकळ हाडं असतात. मांस खाऊन झालं की ती उकळायची, चरबी निघून जाईपर्यंत. दोन्ही टोकं कापायची, आत तार घालून मगज ढकलून काढायचा. सगळ्यांत बारीक हाड मधल्यात, मधलं जाडात बसवायचं, सांधे मेणानं किंवा सरसानं बुजवायचे आणि वरून दोरा गुंडाळायचा. वीतभर लांबीची, पुढे रुंद होत गेलेली नळी तयार. ही फुंकायची नसते. बारीक टोकावर ओठ आवळून हवा तोंडात ओढायची, लहान मुलाचा मुका घेताना होतो तसा तुटक आवाज काढत. थरथरतात ते आपलेच ओठ. हाडं त्याला मादीचा गळा देतात. जिला काल खाल्लं तिच्याच पंखातून उद्या तिच्या जातीचा आवाज काढायचा, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत हलवून टाकणारं वाटतं.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी ही विद्या तिथल्या मूळनिवासींची होती. छापील पानांत तिला मानाची जागा मिळाली ती चार्ल्स जॉर्डन या शिकाऱ्यामुळे. त्यानं मादीच्या पंखाच्या हाडाला नदीकाठच्या वेळूची कांडं जोडून केलेली साद आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. 1909 मध्ये एका चोरट्या शिकाऱ्यानं त्याचा खून केला. त्याची टिपणं आणि छायाचित्रं एडवर्ड मॅकइल्हेनीच्या हाती आली. तिखट टबॅस्को सॉसवाल्या मॅकइल्हेनी घराण्यातलाच हा. त्यानं ती पुरी करून 1914 मध्ये रानटर्कीवरचं पुस्तक काढलं, आणि त्यातून हाडाची ही युक्ती पुढच्या पिढ्यांच्या हाती पडली.

हाडाचा हा मार्ग आणखी मागे, दुसऱ्या खंडात, जातो. इस्रायलच्या उत्तर भागात हुला खोऱ्यात ऐनान नावाचं ठिकाण आहे. तिथे सुमारे 12,000 वर्षांपूर्वी नातुफियन लोक वस्ती करून राहत; शेती अजून यायची होती. तिथून निघालेल्या पाखरांच्या हजारावर हाडांच्या ढिगात संशोधकांना सात हाडं अशी सापडली की ज्यांना माणसानं मुद्दाम भोकं पाडली होती. त्यांचं काम 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. हाडं चांदव्याची, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात तळ्यांवर उतरणाऱ्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्याची, आणि चक्रांग बदकाची. एकच नळी अखंड होती, बोटभर लांबीची. तिची प्रतिकृती वाजवून पाहिली तेव्हा आवाज निघाला तो शिकारी पक्ष्यांचा: शिक्र्याच्या जातकुळीतल्या स्पॅरोहॉकचा आणि खरूची या लहान ससाण्याचा.

त्या ढिगात मोठ्या बदकांची, हंसांची जाड हाडंही होती. ती वाजवायला कितीतरी सोपी पडली असती. तरी त्या माणसांनी निवडली ती बारीक, अवघड हाडं, कारण हवा तो तीक्ष्ण आवाज त्यांतूनच निघतो. ससाण्याची किंकाळी ऐकवून पाणपक्षी उठवायचे होते की ससाण्यालाच जवळ बोलवायचं होतं, यावर संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत. कुणीतरी आधी ससाणा नीट ऐकला, मग जेवणाच्या उष्ट्यातून नेमकं हाड उचललं, एवढं मात्र त्या नळ्याच सांगतात.

पुन्हा अमेरिकेत येऊ. हाड आणि डबीखेरीज तिथे दगडी पाटीचा फुटका तुकडाही कामाला आला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसात लाकडी काडी खोचायची आणि तिचं टोक पाटीवर लहान गोलात घासायचं. शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली की अंगावर काटा यायचा ना, तोच आवाज, फक्त ताब्यात ठेवलेला. याच घर्षणावर लाकडी पेटीची सादही चालते. 1897 मध्ये आर्कान्सातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सननं तिचं पेटंट घेतलं. पातळ भिंतींची लांबट देवदारी पेटी, वर एकाच स्क्रूवर फिरणारं झाकण, झाकणाच्या खालच्या बाजूला खडू. झाकण भिंतीच्या कडेवर ओढलं की ते क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याच चिकटण्या-सुटण्यासाठी. पावसात खडू भिजला की पेटी मुकी होते. तेव्हा पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी तिच्यावर चढवून, पिशवीत हात घालून वाजवतात. कारखान्याच्या वस्तूला शेवटी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यानंच वाचवलं.

सादा पुष्कळ झाल्या, पाखरंच संपत आली. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे 1930 च्या दशकापर्यंत रानटर्की लाख-दोन लाखांपलीकडे उरली नव्हती असा अंदाज आहे. 1937 च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि पुढे पाखरांच्या थव्यावर तोफेनं जाळं फेकून, धरून, ओसाड पडलेल्या रानांत सोडण्यात आलं. आज संख्या 60 लाखांच्या आसपास आहे, म्हणून वसंतात परवाने देणं तिथे शक्य होतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज शिकारीच्या परवान्यांचा प्रश्नच उरत नाही, आणि ते योग्यच झालं. तरी फासेपारध्यांची आठवण येते. तित्तिराची साद त्यांच्या जाणत्यांच्या घशातच असे, डबी-हाड काहीच नको. 1871 च्या कायद्याचं साधन वापरून इंग्रजांनी पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला तरी लोकांच्या मनातून गेला नाही. माळरानाची इतकी बारीक जाण असलेली माणसं आपण गावाबाहेर ठेवली, याची मला खंत आहे.

तिकडच्या डबीचंही दिवसांबरोबर रूप बदललं. पत्र्याच्या तपकिरीच्या डब्या मिळेनाशा झाल्या तशी लोकांनी 35 मिलिमीटर फिल्मची काळी प्लास्टिकची डबी धरली. झाकण घट्ट, आकार खिशाएवढा. मग डिजिटल कॅमेरे आले आणि त्याही संपल्या. आता औषधांच्या गोळ्यांची नारिंगी बाटली घेतात, तळ करवतीनं कापतात, हातमोज्याची पट्टी ताणतात, आणि पहाटेच्या अंधारात ओठाला लावण्याआधी शर्टाच्या आत धरून थोडी ऊब देतात, कारण थंडीत रबर ताठरतं आणि पहिलीच साद फाटते.