विकास आराखड्याचा नकाशा मोबाईलवर कसा वाचायचा आणि हरकत कशी नोंदवायची?

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या साधारण २० वर्षांत घरं कुठे, कारखाने कुठे, बाग कुठे आणि रस्ता कुठून हे ठरवणारा नकाशा. बोलताना सगळे त्याला ‘डीपी’ म्हणतात (व्हॉट्सअॅपचा डीपी वेगळा!). ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ नुसार तो बनतो, आणि मंजुरीआधी नागरिकांच्या हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे.

आमच्या हुपरीसारख्या गावांसाठी ही संधी मोठी आहे. ग्रामपंचायत असताना ग्रामसभेत कुणीही उठून बोलू शकायचं. २०१७ साली नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली. आता सभागृहात नगरसेवक बोलतात, आपण नाही.

आधी जुना नकाशा बघा

सगळे प्रारूप आराखड्याची वाट बघतात. माझ्या मते त्याआधीचा ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ जास्त महत्त्वाचा. आज कुठे काय आहे हे त्यात नोंदवतात आणि त्यावरच पुढचं सगळं नियोजन उभं राहतं.

हुपरीत चांदीचं काम घराघरात चालतं. पुढच्या खोलीत पैंजण जोडायचं काम, मागे भट्टी. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते फक्त घर दिसतं, म्हणून नकाशात रंग पिवळा, म्हणजे रहिवासी. चांदी शुद्ध करायला नायट्रिक अॅसिड वापरतात. त्याचा धूर आणि सांडपाणी पिवळ्या रंगात कुठेच दिसत नाही. मग सांडपाणी प्रक्रियेसाठी जागा राखून ठेवायची गरज आहे, हे नियोजन करणाऱ्याला कळणार कसं?

“नोंद केली तर कर वाढेल, परवाने मागतील” ही भीतीही खोटी नाही. म्हणून एकेका घराचं नाव न देता गल्लीनं मिळून लिहावं : या भागात घरगुती चांदीकाम आहे, सामाईक प्रक्रियेसाठी जागा ठेवा. या टप्प्यावर रीतसर हरकती मागवत नाहीत, पण लेखी माहिती देता येते.

नोंदी चुकल्या तर काय होतं, हे मुंबईनं दाखवलं. २०१५ मध्ये तिथल्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या, की हजारो हरकतींनंतर सरकारला तो नव्यानं करायला लावावा लागला.

नकाशा हातात आल्यावर

प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक पेपरात येते. तिथून ३० दिवस मिळतात. ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, झूम केला की अक्षरं फुटतात. मूळ पीडीएफ उतरवा आणि आधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचा.

आपली जागा शोधायला सातबाऱ्यावरचा गट नंबर लागतो. ‘महाभूनकाशा’ या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटाचा आकार बघा आणि रस्त्याच्या वळणांवरून पीडीएफशी जुळवा.

याहून अचूक पाहिजे असेल तर लॅपटॉप लागेल. ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात नकाशाची पीडीएफ चार-पाच ओळखीच्या ठिकाणांवरून (चौक, पूल, देऊळ) उपग्रह चित्रावर बसवता येते. आरक्षणांच्या हद्दी काढून केएमएल फाइल बनवली, की ती गल्लीतला कुणीही मोबाईलवर गूगल अर्थमध्ये उघडू शकतो. गल्लीत एकाला जमलं तरी पुरे.

हरकत लिहिताना

व्हॉट्सअॅपवरचा निषेध धरला जात नाही. नाव, पत्ता, गट नंबर, नकाशातला आरक्षण क्रमांक आणि नेमकी मागणी, एवढं एका पानात बसतं. सोबत लोकेशन असलेला फोटो जोडा. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा वेगवेगळ्या जागांच्या दहा हरकती बऱ्या. अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका.

त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हरकत देणाऱ्याला तिथे म्हणणं मांडायचा हक्क आहे. नोटीस आली की नकाशाची प्रिंट घेऊन जा. मोबाईलची स्क्रीन टेबलापलीकडच्यांना दिसत नाही. समितीच्या अहवालानंतर आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे जातो. एकदा मंजूर झाला, की छोटा बदल करायलाही कलम ३७ ची वेगळी प्रक्रिया लागते, म्हणजे पुन्हा सूचना, पुन्हा हरकती, पुन्हा मंत्रालय.