गोल्फच्या परिभाषेची जडणघडण : लिंक्सपासून पारपर्यंत

'बर्डी', 'बोगी', 'पार', 'बंकर', 'कॅडी' हे शब्द वृत्तपत्रांच्या क्रीडापानांमुळे आणि दूरचित्रवाणीमुळे गोल्फ न खेळणाऱ्या वाचकाच्याही कानावरून गेलेले असतात. मात्र त्यांचे अर्थ एखाद्या कोष्टकातून पाठ केले, तर ते परस्परांशी संबंध नसलेले आणि काहीसे मनमानी वाटतात. वस्तुतः ही परिभाषा एका वेळी, एका ठिकाणी घडलेली नाही. जमिनीची नावे आधी आली, मग साधनांची, मग खेळाभोवती वावरणाऱ्या माणसांची आणि सर्वांत शेवटी हिशेबाची. हा क्रम ध्यानात घेतला की या खेळाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर उलगडते : एका माणसाने दुसऱ्या माणसाविरुद्ध खेळायचा हा खेळ हळूहळू माणसाने एका आदर्श आकड्याविरुद्ध खेळायचा खेळ झाला, आणि आज सर्वाधिक परिचित असलेले शब्द याच स्थित्यंतरातून जन्मले.

खेळाचे मूळ घर स्कॉटलंडचा पूर्व किनारा हे होय. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत तेथील संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना मनाई केली, कारण लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, अशी राज्याची गरज होती. हा गोल्फचा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. समुद्र आणि शेतजमीन यांच्या दरम्यान वाळूच्या टेकाडांचा, आखूड व चिवट गवताचा जो पट्टा असतो, त्याला तेथे 'लिंक्स' म्हणत. तो नांगरटीला निरुपयोगी होता, म्हणूनच मेंढ्या चारायला आणि खेळायला मोकळा राहिला. वाऱ्याने आणि आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांमुळे तेथे वाळूचे खड्डे पडत, असे सांगितले जाते. या खड्ड्यांना 'बंकर' हे नाव मिळाले, जे स्कॉट भाषेत पेटीवजा बाकाला वापरले जात असे. दोन्ही बाजूंच्या उंच, खरबरीत गवताला 'रफ' आणि मधल्या मोकळ्या वाटेला 'फेअरवे' म्हणण्याचा प्रघात पडला. यांपैकी दुसरा शब्द दर्यावर्दी लोकांचा असून खडक आणि उथळ पाणी टाळून गलबत सुखरूप नेता येईल, अशा जलमार्गासाठी तो आधीपासून रूढ होता.

'ग्रीन' या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. आज चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्या 'होल'भोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात, परंतु पूर्वी संपूर्ण मैदानालाच ग्रीन म्हटले जाई. म्हणूनच मैदानाची निगा राखणारा तो 'ग्रीनकीपर' आणि खेळण्यासाठी भरायचे शुल्क ती 'ग्रीन फी', हे शब्दप्रयोग आजही त्या जुन्या व्यापक अर्थाची साक्ष देतात.

नियमांचा पहिला उपलब्ध लेख १७४४ मधील आहे. एडिंबरोजवळच्या लीथ येथील गोल्फपटूंनी चांदीच्या क्लबसाठी होणाऱ्या स्पर्धेकरिता तेरा कलमे तयार केली. ती स्पर्धा जॉन रॅट्रे या शल्यचिकित्सकाने जिंकली. त्या तेरा कलमांतील पहिलेच कलम 'टी'विषयी होते. टी म्हणजे खेळाचा आरंभ करताना चेंडू ज्यावर ठेवतात तो लहानसा उंचवटा. नुकत्याच खेळून झालेल्या होलपासून एका क्लबच्या, म्हणजे खेळण्याच्या काठीच्या, लांबीइतक्या अंतराच्या आत चेंडू मांडावा, असे ते कलम सांगते. विटी-दांडूच्या खेळात अंतर दांडूने मोजावे, तसेच येथे खेळाचे साधन हेच मोजमापाचे साधन होते. हा उंचवटा चिमूटभर ओल्या वाळूचा करीत आणि ती वाळू बहुधा त्याच होलच्या तळातून उकरून काढीत. त्यामुळे दिवसभरात होल खोल होत जाई आणि त्याची कड ढासळे. पुढे वाळूची पेटी वेगळी ठेवू लागले, आणि ती पेटी नाहीशी झाल्यावरही आरंभस्थानाला 'टी बॉक्स' म्हणण्याची पद्धत टिकून राहिली. लाकडी खुंटीच्या टीचे एक महत्त्वाचे पेटंट बॉस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांना १८९९ मध्ये मिळाले.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील फेरी, म्हणजेच 'राउंड', अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत २२ होलची होती, कारण बहुतेक होल जाताना आणि परतताना असे दोनदा खेळले जात. १७६४ मध्ये आरंभीचे चार होल एकत्र करून त्यांचे दोन केले गेले. जातानाचे दोन आणि येतानाचे दोन असे चार होल कमी होऊन फेरी १८ होलची झाली. हा आकडा कोणत्याही सिद्धान्तातून आलेला नसून एका मैदानाच्या सोयीतून आला, आणि त्या मैदानाच्या प्रतिष्ठेमुळे पुढे जगभर प्रमाण ठरला. होलचा सव्वाचार इंचांचा व्यासदेखील असाच स्थानिक वहिवाटीतून येऊन १८९१ मध्ये अधिकृत झाला.

परिभाषेचा दुसरा थर कारागिरांनी दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम चेंडू म्हणजे 'फेदरी' असे. कातड्याचे तुकडे शिवून केलेल्या लहानशा पिशवीत, एका उंच टोपीत मावतील इतकी उकडलेली पिसे बारीक फटीतून ठासून भरत आणि ती फट शिवून टाकत. वाळताना पिसे फुगत, ओले कातडे आक्रसत आणि त्या परस्परविरोधी ताणातून दगडासारखा टणक चेंडू तयार होई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसभरात मोजकेच चेंडू होत, त्यामुळे ते महाग असत आणि पावसात भिजले की निकामी होत. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या मलाया भागातील झाडाच्या चिकापासून केलेला स्वस्त चेंडू आला. त्याला 'गटी' म्हणत. त्यावर चरे पडल्यानंतर तो अधिक सरळ आणि दूर जातो, असे खेळाडूंच्या लक्षात आले, आणि आजच्या चेंडूवरील खळ्यांची पूर्वपीठिका तेथे सापडते.

टणक चेंडूमुळे लोखंडी तोंडाच्या क्लबांचा वापर वाढला आणि प्रत्येक क्लबाला स्वतःचे नाव मिळाले. तळाला पितळी पट्टी असलेला तो 'ब्रासी', चेंडू उंच उचलून ग्रीनजवळ टाकणारा तो 'मॅशी', आणि अडचणीच्या जागेतून चेंडू बाहेर काढणारा तो 'निब्लिक'. विसाव्या शतकात लाकडी दांड्याऐवजी पोलादी दांडा आला. सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने त्याला १९२९ मध्ये मान्यता दिली. कारखान्यांतून एकसारखे संच निघू लागल्यावर नावांची जागा क्रमांकांनी घेतली आणि १९३८-३९ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथे खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगण्याची मर्यादा घालण्यात आली. लांब टोल्याचा 'ड्रायव्हर' आणि ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्याचा 'पटर' ही नावे मात्र तग धरून राहिली.

तिसरा थर माणसांचा आहे. 'कॅडी' हा शब्द फ्रेंच 'कॅडे' या शब्दावरून आला असून अठराव्या शतकातील एडिंबरोत निरोप पोहोचवणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या लोकांना तो लावत. गोल्फमध्ये तो क्लब वाहून नेणाऱ्या सहायकाचा वाचक झाला. महाग फेदरी हरवू नये म्हणून एक कॅडी पुढे पाठवत, आणि चेंडू अंगावर येत असल्याचा इशारा देणारी 'फोर!' ही हाक या पुढच्या कॅडीला उद्देशून सुरू झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदुस्थानात हा खेळ लवकर आला; कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले, आणि येथे पुढे धावून चेंडूवर नजर ठेवणाऱ्याला 'आगेवाला' असे सार्थ नाव पडले. हिरवळ टिकत नसे अशा कोरड्या प्रदेशांत होलभोवती वाळूचे सपाट वर्तुळ करत, त्याला ग्रीनऐवजी 'ब्राउन' म्हणत. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात, हाही त्याच काळाचा अवशेष होय.

हिशेबाचे शब्द सर्वांत शेवटी का आले, याचे उत्तर खेळाच्या पद्धतीत आहे. प्रारंभी 'मॅच प्ले' ही पद्धत रूढ होती. तीत प्रत्येक होल स्वतंत्रपणे जिंकला वा हरला जाई आणि एकूण टोल्यांना महत्त्व नसे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या आणि होलच्या मध्ये येऊन वाट अडवी, त्या स्थितीला 'स्टायमी' म्हणत. हा शब्द आमनेसामनेच्या झुंजीतच अर्थपूर्ण होता, आणि १९५२ मध्ये स्टायमी नियमांतून काढून टाकण्यात आली. पूर्ण फेरीतील टोल्यांची बेरीज करणारी 'स्ट्रोक प्ले' पद्धत प्रबळ झाली, तसतसा नवा प्रश्न उभा राहिला : समोर प्रतिस्पर्धी नसताना चांगला खेळ कोणता, हे कशावरून ठरवायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर १८७० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे मिळाले. निर्दोष खेळ झाला तर तेथील बारा होलना किती टोले लागावेत, असे गोल्फलेखक ए. एच. डोलमन यांनी डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या व्यावसायिक खेळाडूंना विचारले. त्यांनी ४९ हा आकडा दिला. शेअर बाजारात दर्शनी मूल्यासाठी वापरला जाणारा 'पार' हा शब्द डोलमन यांनी त्याला लावला. त्या वर्षीची ओपन स्पर्धा तरुण टॉम मॉरिस यांनी तीन फेऱ्यांत १४९ टोल्यांनी, म्हणजे त्या मापापेक्षा केवळ दोन टोले अधिक घेऊन जिंकली. दुसरे उत्तर इंग्लंडमध्ये तयार झाले. १८९० मध्ये कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम यांनी प्रत्येक होलसाठी ठरावीक टोल्यांचे प्रमाण सुचवले. त्या सुमारास बागुलबुवावरचे एक गाणे लोकप्रिय होते. कधीही न चुकणाऱ्या या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला त्यावरून 'बोगी' म्हणू लागले आणि सैनिकी अधिकाऱ्यांच्या एका क्लबाने १८९२ मध्ये त्याला कर्नलचा हुद्दाही बहाल केला. आकड्याला माणसाचे नाव आणि पद मिळावे, यातून खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याची उणीव किती जाणवत होती, हे दिसून येते.

पुढे रबराच्या धाग्याचा चेंडू आला, टोले लांबले आणि अमेरिकेत १९११ मध्ये होलच्या अंतरावर आधारित पारची पद्धत निश्चित झाली. ग्रीनपर्यंत पोहोचण्यास लागणारे टोले अधिक ग्रीनवरचे दोन टोले अशी तिची मांडणी असून त्यानुसार होल सहसा तीन, चार किंवा पाच पारचा ठरतो. हे माप जुन्या बोगीपेक्षा कठोर असल्याने एकेकाळचा आदर्श 'बोगी' पारपेक्षा एक टोला जास्त, या उण्या अर्थाने उरला. अमेरिकी बोलीत उत्तम वस्तूला 'बर्ड' म्हणत, त्यावरून पारपेक्षा एक टोला कमी म्हणजे 'बर्डी' असे अटलांटिक सिटीच्या मैदानावर रूढ झाले; दोन कमी तो 'ईगल' आणि तीन कमी तो 'अल्बाट्रॉस', अशी अधिकाधिक दुर्मीळ पक्ष्यांची ओळ त्याला जोडली गेली. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन सॅराझेन यांनी पंधराव्या होलवर असा अल्बाट्रॉस साधला.

समान माप मिळाल्यावर असमान कौशल्याच्या खेळाडूंना एकत्र खेळवणेही सोपे झाले. 'हँडिकॅप' म्हणजे खेळाडूच्या पूर्वीच्या कामगिरीवरून त्याला मिळणारी टोल्यांची सवलत. ती देण्याची जगभर एकच पद्धत २०२० पासून अमलात आली. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या नियमांच्या फेरलेखनात पाण्याच्या अडथळ्यासाठीचा 'हॅझर्ड' हा शतकानुशतकांचा शब्द जाऊन 'पेनल्टी एरिया' ही संज्ञा आली. परिभाषा अशी सतत बदलत असली, तरी बंकर आणि रफ सांगतात की हा खेळ निसर्गाने दिलेल्या जमिनीवर सुरू झाला, तर पार आणि बोगी सांगतात की माणसाने त्या जमिनीला पुढे स्वतःचे माप लावले. गोल्फ समजून घ्यायचा असेल तर हे दोन्ही प्रकारचे शब्द एकत्र वाचले पाहिजेत, कारण प्रत्येक टोल्यात खेळाडू आजही एकाच वेळी त्या जमिनीशी आणि त्या मापाशी झुंजत असतो.