मोल्सहाइमच्या चार मोटारी

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील अल्सास प्रांताने जर्मन आणि फ्रेंच असे दोन्ही अंमल पाहिले. आणि त्याच प्रांतातील मोल्सहाइम या लहानशा गावी, जर्मन अंमल चालू असताना, मिलान शहरी जन्मलेल्या एत्तोरे बुगाट्टी यांनी १९०९ साली मोटारींचा कारखाना काढला. वडील कार्लो लाकडी सामानाचे नामांकित रचनाकार, धाकटे बंधू रेम्ब्रांट प्राण्यांच्या शिल्पांसाठी ख्यातकीर्त. अशा कुळात वाढलेल्या पुरुषाने यंत्राकडेही शिल्प म्हणूनच पाहावे, यात नवल ते काय? या दृष्टीचा वारसा त्यांचे थोरले चिरंजीव ज्याँ यांच्याकडे आला, आणि १९३६ साली कामगारांच्या संपानंतर व्यथित झालेले एत्तोरे पॅरिसला राहू लागले तेव्हा सत्ताविशीतल्या या तरुणावर कारखान्याचा सारा कारभार येऊन पडला.

ज्याँ यांच्या देखरेखीखाली १९३४ साली ‘टाइप ५७’ ही गाडी सिद्ध झाली होती. तिचे ३,२५७ घनसेंटिमीटरचे, एका ओळीत आठ सिलिंडर असलेले इंजिन सुमारे १३५ अश्वशक्ती देत असे. पुढे तिचीच ‘एस’ ही ठेंगणी आवृत्ती निघाली. तिचा सांगाडा इतका खाली आणला होता की मागील आस त्याच्या खालून न जाता त्यातूनच आरपार ओवून न्यावा लागला. या ठेंगण्या सांगाड्यावर १९३६ ते १९३८ या काळात ‘अटलांटिक’ या नावाच्या अवघ्या चार मोटारी घडवल्या गेल्या. डिसेंबर १९३६ मध्ये अटलांटिक महासागरावर विमानासह नाहीसे झालेले फ्रेंच वैमानिक ज्याँ मेर्मोज हे ज्याँ बुगाट्टी यांचे स्नेही होते. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले गेले.

अटलांटिकच्या पाठीवरून जाणारी शिवण ही तिची खूण. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात ‘एरोलिथ’ नावाची जी नमुन्याची मोटार मांडली होती, तिचे अंग इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. हा धातू वजनाला हलका खरा, पण तापवला की पेट घेण्याचे भय, म्हणून त्याचे वेल्डिंग करता येईना. तेव्हा डाव्या-उजव्या अंगांच्या पत्र्यांच्या कडा उभ्या वळवून, त्या एकमेकींना भिडवून, बाहेरून दिसतील अशा रिव्हेटांनी त्या जखडून टाकल्या. चार अटलांटिकांचे अंग ॲल्युमिनियमचे झाले, वेल्डिंगची अडचण उरली नाही. तरीही ज्याँ यांनी ती शिवण काढली नाही. माशाच्या पाठीवरील पराप्रमाणे ती टपावरून शेपटापर्यंत उतरत गेली, आणि चाकांवरील पंखांच्या माथ्यावरही उमटली. नडीपोटी जे करावे लागले तेच नड सरल्यावर त्यांनी आनंदाने पत्करले, आणि जोड लपवण्याऐवजी त्यालाच अलंकाराचा मान दिला.

११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच वर्षी ल माँची शर्यत जिंकलेल्या गाडीची चाचणी घेत असता, रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात ज्याँ यांची मोटार झाडावर आदळली आणि वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुढे महायुद्ध आले, आणि १९४७ साली एत्तोरेही निवर्तले. चार मोटारींच्या वाट्याला मात्र चार निरनिराळी आयुष्ये आली. खुद्द ज्याँ वापरीत ती काळी गाडी, क्रमांक ५७४५३, आगगाडीने बोर्दोकडे रवाना करावयाच्या गाड्यांच्या १९४१ च्या यादीत शेवटची दिसते आणि तेथून पुढे तिचा मागमूस लागत नाही. उरलेल्या तिघींचा जीर्णोद्धार झाला. आणि जुनी वस्तू पूर्वरूपास आणावयाची तर ती आपल्या आयुष्यातील कोणत्या क्षणाकडे न्यावी, या बिकट प्रश्नाची तीन उत्तरे त्या तिघींत सापडतात.

पहिली गाडी, क्रमांक ५७३७४, लंडनच्या व्हिक्टर रॉथशिल्ड यांच्यासाठी १९३६ मध्ये तयार झाली. इंजिन बिघडल्यामुळे युद्धकाळात ती टाकून दिली गेली, नंतर तिने अनेक मालक पाहिले, आणि १९७१ साली अमेरिकेतील लिलावात ती ५९,००० डॉलरांना विकली गेली. तिला तिच्या मूळच्या करड्या-निळ्या रंगासह जन्मक्षणाकडे परत नेण्यात आले, आणि २००३ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील सौंदर्यस्पर्धेत तिने सर्वोच्च मान पटकावला. अखेरची, क्रमांक ५७५९१, हिचा जीर्णोद्धार अमेरिकन वस्त्ररचनाकार रॅल्फ लॉरेन यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील पॉल रसेल यांच्या कार्यशाळेत झाला आणि १९९० साली तिलाही तोच मान मिळाला. पण जन्मतः नीलमण्याच्या रंगाची ही गाडी काळा रंग लेवून बाहेर पडली. येथे रचना मूळची, पण वर्ण मालकाच्या आवडीचा.

सर्वांत कठीण प्रकरण ५७४७३ या गाडीचे. १९५५ साली फ्रान्समधील जिआँनजीक रेल्वेच्या फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली. आतील दोघेही दगावले आणि मोटारीचा चुराडा झाला. पुढे एका संग्राहकाने ते अवशेष मिळवून दीर्घकाळ खपून गाडी पुन्हा उभी केली, आणि काही दशकांनी तिच्यावर नव्याने कामही झाले. अशा गाडीच्या बाबतीत कारागिराला केवळ हात नव्हे, तर न्यायाधीशाची बुद्धी लागते. सांगाडा, इंजिन, आस यांवर ठोकलेले क्रमांक तपासायचे, ते कारखान्याच्या दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहायचे, जुन्या छायाचित्रांवरून पंखाचे वळण ठरवायचे. हाताने घडवलेल्या जुन्या पत्र्याची आतली बाजू उजेडात धरली तर हातोडीचे बारीक वण दिसतात; ते घासून गुळगुळीत केले की पत्रा देखणा होतो, पण साक्ष नष्ट होते. म्हणून जेवढा जुना धातू वाचवता येईल तेवढा वाचवायचा, आणि नवा घालावाच लागला तर त्याचा तपशील लेखी ठेवायचा, हीच या धंद्यातली सचोटी.

जीर्णोद्धार म्हणजे काळ पुसून टाकणे, असा समज आजही प्रबळ आहे. आणि स्पर्धांतील चकचकीत झिलईमुळे त्याला बळ मिळते. रंग बदलला, भाग बदलला, एवढ्याने गाडी खोटी ठरत नाही; बदल दडवला की ती खोटी ठरते. ज्या मोटारीच्या निर्मात्याने लपवता आला असता असा जोड सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी मिरवला, तिची दुरुस्ती करणाराने आपले जोड झाकून ठेवावेत, हे मला त्या निर्मात्याच्या वृत्तीशी विसंगत वाटते. कोणता पत्रा १९३६ चा आणि कोणता नंतरचा, हे जिथे नोंदीवरून निःशंकपणे सांगता येते, तिथेच मोल्सहाइमच्या कारागिरांना त्यांचे श्रेय पुरते मिळते आणि नंतरच्या कारागिरांनाही त्यांचे.