मृताची बाजू

रशियन साहित्यात तोलस्तोय हे नाव निघाले की ‘युद्ध आणि शांती’च्या कर्त्याचीच आठवण व्हावी, हे साहजिक आहे. परंतु त्यांच्याच कुळात, त्यांच्याहून अकरा वर्षांनी वडील असे अलेक्सेय तोलस्तोय हेही नामांकित कवी व नाटककार होऊन गेले. त्यांनी १८३९ साली, ऐन तारुण्यात, फ्रेंच भाषेत ‘वुर्दलाकाचे कुटुंब’ ही दीर्घकथा लिहिली. लेखकाच्या हयातीत ती छापली गेली नाही. ते १८७५ साली वारले आणि १८८४ साली तिचे रशियन भाषांतर प्रसिद्ध झाले. पिशाच्चकथा म्हणून ती आजही आवडीने वाचली जाते. तथापि तिच्यामागे खराखुरा दफ्तरी इतिहास उभा आहे. त्या इतिहासात ज्याला शिक्षा झाली, त्या आरोपीस तोंड उघडण्याचीही सोय नव्हती. वकिली पेशाच्या माणसास ही गोष्ट स्वस्थ बसू देत नाही.

प्रथम ‘वुर्दलाक’ ह्या शब्दाविषयी. स्लाव भाषांतील ‘वुकोद्लाक’ म्हणजे मूळचा लांडग्याचे रूप घेणारा माणूस. सर्बियात पुढे तोच शब्द थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पिणाऱ्या प्रेतास, म्हणजे व्हँपायरास, लावू लागले. कवी पूश्किन यांच्या लेखणीतून त्याचे ‘वुर्दलाक’ हे रूप रशियनमध्ये रूढ झाले. अशा रीतीने लांडगा आणि प्रेत ही दोन्ही भये एका शब्दात नांदू लागली.

कथा घडते १७५९ साली, सर्बियातील एका खेड्यात. गोर्चा नावाचा वृद्ध कुटुंबप्रमुख एका दरोडेखोराच्या पारिपत्यास निघतो आणि मुलांना बजावतो, ‘दहा दिवसांच्या आत परतलो तर ठीक, त्यानंतर आलो तर मी तुमचा बाप आहे हे विसरा, मला घरात घेऊ नका.’ दहाव्या दिवशी, नेमकी मुदत संपण्याच्या क्षणी, म्हातारा रानातून येताना दिसतो. मुदत टळली की नाही? थोरला मुलगा संशय धरतो, पण बापावर हात उचलवत नाही. मग घरातला लहानगा नातू मरतो. पुरलेले ते मूल रात्री दाराशी येऊन थंडी वाजते म्हणून रडू लागते, तेव्हा आई दार उघडते, आणि एकामागून एक सारे घर त्याच वाटेने जाते. वुर्दलाक परक्याकडे जात नाही. ज्यांच्यावर त्याची माया होती त्यांचेच रक्त त्याला हवे असते. कथेचे सारे भय ह्या एका कल्पनेत आहे.

ही कल्पना लेखकाच्या पदरची नव्हे. १७१८च्या पासारोविट्झच्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे आला, आणि तेथील खेडुतांच्या समजुती प्रथमच व्हिएन्नाच्या सरकारी कागदांत उतरू लागल्या. १७२५ साली किसिलोवा गावी पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा शेतकरी वारला. पुढे आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. प्लोगोयोविट्झ झोपेत येऊन आपला गळा दाबतो, असे त्यांनी मरताना सांगितले. तो आपल्याकडे येऊन पायताण मागू लागला, असे सांगून त्याची बायकोही गाव सोडून गेली. सरकारी अंमलदार फ्रॉम्बाल्ड याने बेलग्रेडहून हुकूम येईपर्यंत थांबा, असे सांगून पाहिले. गावकऱ्यांनी गावच सोडण्याची धमकी दिली. अखेर त्याच्या समक्ष थडगे उघडले, प्रेत ताजे दिसले, छातीत खुंटा ठोकून ते जाळण्यात आले. अहवालाच्या शेवटी अंमलदार लिहितो की ह्यात काही चूक झाली असल्यास दोष आपला नव्हे, भयाने बेभान झालेल्या जमावाचा आहे. न्यायाधीशाने निकाल देऊन जबाबदारी मात्र गर्दीवर टाकावी, असाच हा प्रकार!

१७३१च्या अखेरीस मेद्वेजा गावी पुन्हा मृत्यूंची साथ आली. ग्लेझर नावाचा वैद्य प्रथम गेला. त्याला संसर्गजन्य रोग आढळला नाही. कडक उपासांनी खालावलेली प्रकृती हे कारण त्याने सुचवले. लोकांचे समाधान झाले नाही. मग जानेवारी १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य फ्ल्युकिंगर याने थडगी उघडवली. कुजलेली प्रेते निर्दोष ठरून परत पुरली गेली. न कुजलेल्यांची शिरे तोडून, त्यांना जाळून, राख मोराव्हा नदीत टाकली. बाळंतपणात वारलेली वीस वर्षांची स्ताना नावाची स्त्रीही तपासणीत दोषी ठरली. हा अहवाल युरोपभर छापला गेला आणि ‘व्हँपायर’ हा शब्द घरोघर पोहोचला.

ह्या पुराव्याचे मोल काय? थंडीत व खोल जमिनीत प्रेत सावकाश कुजते. आतल्या वायूने शरीर फुगते, म्हणून मृत मनुष्य पुष्ट झालेला भासतो. त्याच दाबाने तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो. वरची कातडी निघून खालची दिसते, ती नवी वाटते. खुंटा ठोकताच कोंडलेला वायू घशावाटे निघतो आणि लोकांना कण्हणे ऐकू येते. म्हणजे साक्षीदार खोटे बोलत नव्हते; दिसले ते त्यांनी सांगितले. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

सर्वांत हृदयद्रावक प्रकरण १७५५चे. मोराव्हिया व सायलेशिया यांच्या सीमेवरील हेर्मर्सडोर्फ गावी रोझिना पोलाकिन ही स्त्री आदल्या डिसेंबरात वारली होती. तिच्यावर पिशाच्चपणाचा आरोप आला. पवित्र भूमीच्या दारातून अशा प्रेतास नेऊ नये म्हणून स्मशानाच्या भिंतीला भगदाड पाडले, आणि आकडा व दोर लावून ते प्रेत ओढण्याचे काम तिच्याच कुटुंबीयांकडून करवून घेतले. ज्यांनी सुतक पाळावे त्यांनाच मारेकऱ्यांचे हस्तक केले गेले.

सम्राज्ञी मारिया तेरेझा यांनी वैद्य पाठवून चौकशी करविली आणि आपले राजवैद्य व्हान स्वीटेन यांचा अभिप्राय मागविला. त्यांनी हा सारा प्रकार अज्ञानाचा ठरविला व मृतांच्या विटंबनेबद्दल तीव्र संताप व्यक्त केला. मार्च १७५५ मध्ये फर्मान निघाले: धर्माधिकाऱ्यांनी असल्या बाबतीत परस्पर काही करू नये, सरकारास कळवावे आणि वैद्याकरवी तपासणी व्हावी. मृताची बाजू मांडणारा कोणीतरी प्रथमच उभा राहिला. तोलस्तोय यांचे १७५९चे सर्बियन खेडे मात्र ह्या फर्मानाच्या कक्षेबाहेरचे होते, कारण १७३९ सालीच तो मुलूख पुन्हा तुर्कांकडे गेला होता.

आपल्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळपंचविशीतील कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच वेताळास ‘व्हँपायर’ केले. आमोणे, लोलये येथील वेताळाच्या देवळांत हात जोडणाऱ्यांस हे भाषांतर कसे रुचावे? गोव्यात काही ठिकाणी वेताळास चामड्याच्या वाहाणा अर्पण करतात. रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. किसिलोव्याच्या मृताने पायताण मागितले तेव्हा बायको गाव सोडून पळाली. येथे गाव आपण होऊन वाहाणा वाहतो. रात्री फिरणाऱ्याविषयीचे भय दोन्हीकडे असेल, पण त्याचे पर्यवसान किती निराळे!

मृतदेहाच्या विटंबनेस ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८६०च्या दंडसंहितेने कलम २९७ अन्वये गुन्हा ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कलम ३०१ मध्ये आहे. कायद्याची गरज मृतास किती, हा प्रश्न कोणी विचारील. हेर्मर्सडोर्फच्या त्या कुटुंबाच्या हाती दोर देण्यात आला तो क्षण आठवला, म्हणजे त्याचे उत्तर मिळते. कायदा मृताच्या देहाचे रक्षण करतो, त्याबरोबरच जिवंतांच्या नात्याचेही करतो. साथ येते, भय पसरते, आणि माणसे दोषी शोधू लागतात. अशा वेळी उलट उत्तर देऊ न शकणाराच प्रथम सापडतो. त्याच्या वतीने कोणीतरी बोलण्याची सोय असणे, ह्यातच समाजाची सभ्यता आहे.