'पेप रॅली': एका उत्साहाचा शब्देतिहास

पदव्युत्तर वर्गाला भाषांतराची प्रश्नपत्रिका शिकवताना एका अमेरिकी कादंबरीतील उतारा आम्ही विद्यार्थ्यांना दिला होता. त्यात 'पेप रॅली' हा शब्द आला होता. बहुतेकांनी तो टाळला, काहींनी तसाच ठेवला, आणि एका विद्यार्थिनीने त्याचे भाषांतर 'विद्यार्थ्यांचा मोर्चा' असे केले. पुढच्या ओळीत बँड वाजतो, मुली नाचतात, प्राचार्य हसतात. हे सारे तिच्या मोर्चात कसे बसावे, हा प्रश्न तिला पडला नव्हता असे नाही. 'सर, मोर्चात प्राचार्य का हसतील?' असे तिनेच आम्हाला विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की हा शब्द केवळ कोशात पाहून सुटणारा नाही. त्यामागे एका समाजाची सव्वाशे वर्षांची सवय उभी आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये फुटबॉलचे सामने बहुधा शुक्रवारी रात्री होतात. महत्त्वाचा सामना असला की त्या दिवशी दुपारी शेवटचे तास आवरते घेतात आणि साऱ्या शाळेला व्यायामशाळेत, म्हणजे तेथील 'जिम'मध्ये, जमवतात. बाकांच्या चढत्या रांगांवर इयत्तावार मुले बसतात. बँड वाजू लागतो, चिअरलीडर मुली घोषणा देतात, शाळेचे बोधचिन्ह असलेल्या वाघा-गरुडाचे सोंग घेऊन कुणी उड्या मारतो, कोणत्या इयत्तेचा आवाज मोठा याची चढाओढ लागते. मग खेळाडूंची नावे पुकारली जातात, प्रशिक्षक दोन शब्द बोलतात, शाळेचे गीत होते आणि मुले घरी जातात. सामना अजून व्हायचाच असतो. जिंकण्याआधीच साजरा केलेला हा जल्लोष आहे.

आता शब्द. 'रॅली' मूळचा फ्रेंच, युद्धभूमीवरचा. पांगलेल्या सैनिकांना पुन्हा एकत्र आणणे हा त्याचा अर्थ. मराठीत हा शब्द आला तो राजकीय सभा आणि मिरवणूक यांच्या वाटेने, म्हणून आमच्या विद्यार्थिनीला रस्ता दिसला, जिम दिसली नाही. गंमत अशी की तिने योजलेला 'मोर्चा' हा शब्दही फारसीतून आलेला आणि लष्करीच. किल्ल्यापुढे मोर्चे बांधणाऱ्यांनी तो आपल्याला दिला. दोन भाषांतील दोन शब्द रणातून निघाले. एक आपल्याकडे मागण्यांच्या फलकांखाली पोहोचला, दुसरा तिकडे शाळेच्या बाकांवर.

'पेप'ची कथा याहून मनोरंजक आहे. 'पेपर', म्हणजे मिरी, या शब्दाचे ते तोडलेले रूप. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते अमेरिकी बोलीत जोम, तडफ, तरतरी या अर्थाने रुळले. (पेप्सी या पेयाशी त्याचा संबंध नाही. ते नाव अपचनाच्या इंग्रजी शब्दावरून आले.) पण 'पेपर' तरी कुठला? लॅटिन 'पिपर', त्याआधी ग्रीक 'पेपेरि', आणि त्याच्या मुळाशी आपली 'पिप्पली', मराठीतली पिंपळी. आजीच्या बटव्यातला हा जिन्नस व्यापाऱ्यांच्या गलबतांतून निघाला आणि दोन हजार वर्षांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या आरोळीत जाऊन बसला. 'तिखट' माणूस म्हणताना आपणही चवीवरून स्वभावाकडेच जातो. त्यामुळे या अर्थांतराचे आपल्याला नवल वाटू नये.

प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. अमेरिकेतील पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढच्या दशकांत प्रत्येक महाविद्यालयाची स्वतःची आरोळी तयार झाली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाचा संघ सलग पराभवांनी खचला असता जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याकडून आरोळी म्हणवून घेऊ लागला. पहिला 'चिअरलीडर' म्हणून त्याचेच नाव सांगतात. म्हणजे या भूमिकेचा आरंभ एका पुरुषापासून झाला. स्त्रिया तिच्यात १९२० नंतरच्या काळात आल्या. आणखी एक गोष्ट येथे घडली. तोवर प्रेक्षकांचा उत्साह आपोआप उसळत होता, आता त्याला दिग्दर्शक मिळाला.

हा उत्साह महाविद्यालयातून शाळेत उतरला त्याला मोठे सामाजिक कारण आहे. १९१० साली अमेरिकेतील त्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम ९ टक्के हायस्कूल पूर्ण करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले. गावोगावी हायस्कुले उभी राहिली, आणि वेगवेगळ्या पंथांच्या, वर्गांच्या, देशांतून आलेल्या घरांतील मुले एका छपराखाली बसू लागली. त्यांना 'आपण' म्हणायला लावणारी एखादी गोष्ट हवी होती. ती संघाने दिली. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियाना राज्यातील मन्सी गावाचा अभ्यास करून १९२९ मध्ये 'मिडलटाऊन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेच्या बास्केटबॉल संघाभोवती सारे गाव कसे एकवटते, याचे त्यातील निरीक्षण आजही वाचण्यासारखे आहे.

साहित्याने या शब्दाकडे लवकरच संशयाने पाहिले. सिंक्लेअर लुईसच्या 'बॅबिट' (१९२२) या कादंबरीत झेनिथ शहरातील व्यापारी मंडळींच्या तोंडी 'पेप' सतत असतो. शाळेच्या बाकांवरची आरोळी हे लोक प्रौढ वयातही क्लबात देत राहतात. आणि हा जोम नेमका कशासाठी, हे मात्र कुणी विचारीत नाही. लुईसचा उपहास बोचतो तो येथेच.

तो प्रश्न कुणी विचारला तर काय होते, याचे उदाहरण आर्कान्सा राज्यातील जोन्सबरो येथे मिळते. वर्णभेदी शाळा संपल्या तेव्हा अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बंद झाल्या आणि ती मुले पूर्वीच्या गोऱ्यांच्या शाळांत आली. गीते, चिन्हे तेथलीच राहिली. 'डिक्सी' हे १८५९ मधील गीत यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचे गीत बनले होते. तेच अनेक शाळांत संघाला चेतवण्यासाठी वाजे. जोन्सबरोच्या शाळेतील पेप रॅलीत ते वाजू लागताच काही कृष्णवर्णीय विद्यार्थी उठून बाहेर गेले. शाळेने त्यांना काही दिवस काढून टाकले, आणि १९७२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने शाळेचीच बाजू उचलून धरली. सर्वांनी मिळून 'आपण' म्हणायच्या जागी ते 'आपण' कुणाचे, हा प्रश्न या मुलांनी एक शब्दही न उच्चारता विचारला होता.

उत्साहाला दुसरीही बाजू आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात मोठ्या सामन्याआधी ओंडक्यांचा प्रचंड मनोरा रचून पेटवण्याची जुनी प्रथा होती. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे रचत असतानाच तो मनोरा कोसळला आणि १२ जण मरण पावले. विद्यापीठाने आपल्या आवारातील ही प्रथा थांबवली. २०२४ मध्ये टेक्सस विद्यापीठाशी जुनी लढत पुन्हा सुरू झाली, तरीही तो मनोरा आवारात परत आला नाही.

दरम्यान शब्दाचा वापर पसरला. २००२ च्या शिक्षण कायद्याने परीक्षांच्या गुणांना महत्त्व आणले, तेव्हा कित्येक शाळांत परीक्षेआधी पेप रॅली होऊ लागल्या. विक्रेत्यांच्या बैठकांना, निवडणुकीच्या सभांनाही हे नाव मिळाले. आणि 'ती चर्चा नव्हती, नुसती पेप रॅली होती' असा तुच्छतेचा प्रयोगही रूढ झाला.

आता भाषांतराकडे परत येऊ. भरताने वीररसाचा स्थायीभाव 'उत्साह' सांगितला, तेव्हा 'पेप'ला हाच प्रतिशब्द आहे असे आम्हाला प्रथम वाटले. परंतु नाट्यशास्त्रात या रसाच्या विभावांची यादी 'असंमोहा'ने सुरू होते. मोह नसणे, बुद्धी स्थिर असणे, ही तेथे उत्साहाची पूर्वअट आहे. निश्चय, नीती, विनय हे त्याचे सोबती. पेप रॅलीतील जोम यांतले काहीच मागत नाही. तो फक्त आवाज मागतो. म्हणून 'उत्साह मेळावा' हा प्रतिशब्द अक्षरशः बरोबर असूनही आम्हाला तो द्यावासा वाटत नाही.

शेवटी वर्गात आम्ही 'पेप रॅली' तसाच ठेवला आणि पुढच्या वाक्यात 'सामन्याआधीचा शाळेचा जल्लोष' असा खुलासा घातला. विद्यार्थिनीचे समाधान झाले, पण पूर्ण नाही. 'सर, ज्याला ओरडायचे नसेल त्याने कुठे बसायचे?' असे तिने जाता जाता विचारले. जोन्सबरोची हकीकत आम्ही तिला पुढच्या तासाला सांगितली. त्या दिवशी तिचे भाषांतर आम्हाला जरा कमी चुकीचे वाटले. त्या मुलांनी बाहेर टाकलेली पावले हा एक मोर्चाच होता. फक्त त्यात प्राचार्य हसत नव्हते.