खाडा आणि रजा

खानदेशात शेतीचे वर्ष आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, पालटते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि त्याच सुमारास सालदाराचा जुना करार संपून नवा ठरतो. धान्य किती, रोकड किती, हे तोंडी बोलून होते. परंतु ह्या बोलण्यात एक शब्द न बोलताच गृहीत धरलेला असतो. तो म्हणजे ‘खाडा’. सालदार तापाने पडला किंवा बहिणीच्या लग्नास गेला, तर तो दिवस खाडा म्हणून मांडला जातो. मग एकतर तो मजुरीतून वजा होतो, नाहीतर भावाला वा मुलाला बदली पाठवून भरून काढावा लागतो. विश्रांती आणि मजुरी ह्या दोन गोष्टी ह्या हिशेबात एका दिवशी कधी भेटत नाहीत. त्यांची भेट कशी घडली आणि कोणाच्या वाट्यास आली, हाच भरपगारी रजेचा इतिहास होय.

‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुमती असा आहे. ‘रजामंदी’ ह्या शब्दात तो अजून जिवंत आहे. तेव्हा रजा म्हणजे धन्याने दिलेली परवानगी. ती द्यावी की न द्यावी, हे धन्याच्या मर्जीवर. ह्या मर्जीचे रूपांतर हक्कात होण्यास फार काळ लागला, आणि ते आजही पूर्ण झालेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात दोन नवे धनी आले. भुसावळास आगगाडी आली, आणि जळगावास कापसाची गिरणी उभी राहिली. पुढे अमळनेर व धुळे येथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. आखाजीच्या जागी घड्याळ आले. पण खाडा मात्र तसाच राहिला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू मांडली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तो विजय मोठाच होता. तथापि त्या सुट्टीस मजुरी नव्हती. कामगारास विसावा मिळाला, पण त्या दिवसाची भाकरी त्याने उरलेल्या सहा दिवसांतून काढावयाची होती.

सरकारी चाकरीत भरपगारी रजा आधीपासून होती. मात्र ती पायरी पाहून मिळे. वरच्या नोकरास अकरा महिन्यांच्या कामामागे एक महिना असा हिशेब असे. ह्या रजेचे इंग्रजी नाव सवलत ह्या अर्थाचे होते. मराठीत मात्र तिला ‘हक्करजा’ म्हणू लागले. भाषेने कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकले, असेच म्हणावे लागेल. शिपाई, हमाल, गँगमन ह्यांची गणना ‘कनिष्ठ सेवे’त होई, आणि त्यांच्यासाठी नियम निराळे व तोकडे होते. रोजंदारीवरील माणसाचे तर नावच त्या नियमांत क्वचित येई.

भुसावळ ज्या जी. आय. पी. रेल्वेवर होते, ती १९२५ मध्ये सरकारच्या हाती आली. म्हणजे तेथील फिटर व खलाशी हे सरकारचेच नोकर झाले. ह्याच रेल्वेवर फेब्रुवारी १९३० मध्ये मोठा संप झाला. संप यशस्वी झाला नाही. पण कामगारांची संघटना टिकली. १९४६ मध्ये रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाच्या मागण्यांवरून वाद निवाड्यास गेला, आणि न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्याकडे तो सोपविण्यात आला. कामाचे तास, साप्ताहिक विश्रांती, आणि कनिष्ठ, रोजंदारी व कारखान्यांतील नोकरांच्या रजा हे त्यातील विषय होते. त्यांतच आणखी एक बाब होती, ती म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ठेवावयाच्या राखीव माणसांची. वरवर पाहता ती क्षुल्लक वाटते. वस्तुतः साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. सिग्नलमन रजेवर गेला तरी गाडी थांबत नाही. त्याच्या जागी उभा राहणारा माणूस नसेल, तर नियमाच्या पुस्तकातील रजा पुस्तकातच राहते. निवाडा १९४७ मध्ये आला.

तोवर बाहेरच्या जगातही वारे फिरले होते. १९३६ मध्ये फ्रान्सने कामगारांस दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि त्याच वर्षी जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने तसा करार संमत केला. हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या कारकिर्दीत, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा झाली. बारा महिने सलग काम करणाऱ्या प्रौढ कामगारास दहा दिवसांची भरपगारी रजा १९४६ च्या आरंभापासून कायद्याने मिळाली. धुळ्याजवळ लळिंग येथील लांडोर बंगल्याशी बाबासाहेबांची आठवण जोडलेली आहे, आणि दरवर्षी ३१ जुलैस तेथे यात्रा भरते. त्या यात्रेस जाणाऱ्या कित्येकांच्या वाडवडिलांस ह्या दहा दिवसांचे मोल ठाऊक होते.

परंतु ह्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते, आणि खानदेश हा तर जिनांचा मुलूख! कापूस आला की जिन-प्रेस सुरू, सरला की बंद. सरकी-रुईच्या धुळीत उभ्या असलेल्या बायांस त्या दहा दिवसांपैकी एकही मिळाला नाही. १९४८ च्या कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेद काढला. पण १९५४ च्या सुधारणेने वर्षात २४० दिवस हजेरीची अट आली. भेद शब्दातून गेला, आकड्यातून उरला. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली.

राज्य सरकारच्या नोकरांपुरता हा प्रवास बराच पुढे गेला. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांप्रमाणे नोकराच्या खाती वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते. १ जानेवारीस १५ आणि १ जुलैस १५. ती साठविता येते. अर्धपगारी रजा वर्षास २० दिवस. आजारपणात तिचे दोन दिवस देऊन पूर्ण पगाराचा एक दिवस घेता येतो. किरकोळ रजा ८ दिवस, आणि ती वर्ष सरताच संपते. शिक्षकांस मोठ्या सुट्ट्या असल्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा. येथे शिपाई आणि साहेब एकाच खातेवहीत बसतात. ‘कनिष्ठ सेवा’ हा शब्द गेला.

तरीही त्याच नियमांत जुने वाक्य टिकून आहे, ते असे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. दिवस कमावलेले असतात. ते केव्हा घ्यावयाचे, हे मात्र कामाच्या निकडीवर आणि वरिष्ठाच्या संमतीवर. रजेचा मूळ अरबी अर्थ नियमात असा दडून बसला आहे. संघटनांचे काम म्हणूनच संपत नाही. दिवसांची संख्या वाढविणे सोपे. रजेवर जाणाऱ्याच्या जागी माणूस मिळविणे अवघड.

आणि जो माणूस मिळतो, तो कोण? गिरणीच्या फाटकाशी पहाटे उभा राहणारा बदली कामगार इतरांच्या रजेवर जगे. त्याला स्वतःची रजा नसे. त्याच्या जागी आज कंत्राटी नोकर पुष्कळदा उभा दिसतो. त्याच कचेरीत, त्याच मेजाशी, एकाच्या नावापुढे रजा लागते आणि दुसऱ्याच्या नावापुढे खाडा. सालदाराचा शब्द शेतातून निघाला खरा. पण तो अद्याप गावाबाहेर गेलेला नाही.