चीजचा क्यूब आणि आजीची दुधाची बाटली

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा जे इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढलेत.

विषय आहे चीज. कष्टाचं होतं ते चीज नाही, फ्रीजमध्ये असतं ते.

आमच्या नाहूरला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक सुपरमार्केट आहे. शनिवारी रात्री मी तिथल्या चीजच्या फ्रीजसमोर जरा जास्तच रेंगाळतो. आई म्हणते, लॅपटॉप घेतानाही एवढा वेळ लावला नव्हतास. घरात माणसं चार, चीज खाणारी तीन. आजी खात नाही. "त्यात वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात," हे तिने चाळीत कोणाकडून तरी ऐकलं, आणि विषय संपला. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आम्ही पिझ्झा खायचो आणि ती शेजारी पोळी-भाजीचं ताट घेऊन बसायची. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. हल्ली वाईट वाटायला लागलं, म्हणून यावेळी म्हटलं, नीट वाचून काढू.

तर पहिली गोष्ट, आजी चुकीचं बोलत नव्हती. युरोपात शेकडो वर्षं चीजसाठी दूध गोठवायला रेनेट वापरलं जायचं, आणि ते दूधपित्या वासराच्या पोटातूनच काढत. आजही काही पारंपरिक चीजमध्ये तेच असतं. पण आपल्या फ्रीजमधल्या क्यूबचं पाकीट उलटं करा. तिथे "मायक्रोबियल रेनेट" लिहिलेलं असतं, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं, आणि शेजारी हिरवा ठिपका. नुसतं रेनेटच नाही, हा अख्खा क्यूबच युरोपातल्या चीजपेक्षा वेगळा आहे. आणि त्याच्या मागे आपल्या मुंबईची दुधाची भूक आहे.

आता जरा मागे जाऊ. १९४५ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. शहराला दूध पुरत नव्हतं, म्हणून ते चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून आणायचं ठरलं, आणि गोळा करून पाठवायचं काम मिळालं पोलसन कंपनीला. हो, तेच पोलसनचं बटर, ज्यावरून जुने लोक मस्का मारण्याला "पोलसन लावणे" म्हणायचे. मुंबईकर पैसे मोजत होते, पण शेतकऱ्याच्या हातात फार काही पडत नव्हतं. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावात सभा झाली, पोलसनला दूध द्यायचं नाही असं ठरलं. पंधरा दिवस संप चालला. मुंबईचं दूध अडलं, सरकार नमलं, आणि १४ डिसेंबर १९४६ ला खेड्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ रजिस्टर झाला. पुढे तोच अमूल.

इकडे मुंबईतही हालचाल चालू होती. गल्लीबोळातले तबेले शहराबाहेर हलवायला दारा खुरोडींनी आरे मिल्क कॉलनी उभी केली. १९५१ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. ३२ युनिट, साधारण १६ हजार जनावरं, बहुतेक म्हशी. आमच्या नाहूरवरून जो गोरेगाव-मुलुंड लिंक रोड होतोय, त्याचं दुसरं टोक नॅशनल पार्कच्या पलीकडे, आरेच्या शेजारीच निघतं. आजी तेव्हा भांडुपला राहायची. पहाटे दूध कार्ड घेऊन केंद्रासमोर रांग, काचेच्या बाटल्या, वर पातळ पत्र्याचं झाकण. रिकामी बाटली परत दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. हे ती इतक्या वेळा सांगते की मला पाठ झालंय.

मग यात चीज कुठे आलं? हिवाळ्यात. म्हशी हिवाळ्यात उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध द्यायच्या आणि मुंबईची स्कीम एवढं सगळं उचलू शकत नव्हती. जास्तीचं दूध टिकवायचं कसं? आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅफिक पीकला आहे आणि बफर नाही. म्हणून ऑक्टोबर १९५५ मध्ये आणंदला मोठा कारखाना सुरू झाला. त्याआधी परदेशी तज्ज्ञ सांगत होते की म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही. एच. एम. दलाया नावाच्या इंजिनियरने करून दाखवली. (कुरियनांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, दलायांचं नसतं. आमच्या धंद्यातही हेच चालतं.) आधी लोणी आणि पावडर, मग थोड्याच वर्षांत चीज.

चीजचं गणित अजून अवघड होतं. एक किलोला साधारण दहा लिटर दूध लागतं. त्यात म्हशीच्या दुधाचं दही घट्ट, कोरडं बसतं, आणि चीज मुरायला वेळ घेतं. शिवाय म्हशीच्या दुधात गाईसारखा पिवळेपणा नसतो, म्हणून पाकिटावर १६०बी हा आकडा दिसतो. तो शेंदरीच्या बियांचा रंग.

आणि मुंबईचा उकाडा! त्यावरचा उपाय आधीच सापडला होता. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून गावात गेर्बर कंपनीने उष्ण देशात टिकेल असं चीज शोधताना एक युक्ती केली. तयार चीज किसायचं, सोडियम सायट्रेट घालून वितळवायचं आणि गरम असतानाच पॅक करायचं. हे झालं प्रोसेस्ड चीज. पाच वर्षांनी शिकागोच्या क्राफ्टने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि डब्यांतून अमेरिकन सैन्याला पुरवलं. तुमच्या पाकिटावरचा ३३१ म्हणजे तेच सायट्रेट. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे तापवल्यावर तूप वेगळं सुटत नाही. स्टेशनबाहेरचा सँडविचवाला तव्यावरच्या टोस्टवर किसलेल्या चीजचा डोंगर रचतो आणि तो तेलकट थारोळं न होता तिथेच बसतो, ते यामुळे. मुरलेलं चेडर किसून बघा, फरक कळेल.

त्यामुळे "प्रोसेस्ड" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी आता भांडतो. माझा नियम साधा आहे. सँडविच, पावभाजी, डोसा, सगळीकडे साधा क्यूब किंवा ब्लॉक. पिझ्झा घरी करणार असाल तर मोझरेला, कारण तार प्रोसेस्डला येत नाही. गंमत म्हणजे इटलीत नेपल्सच्या आसपासचं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्याच दुधाचं असतं. आपल्याकडचं ताजं चीज हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या मंचरचं 'गो' बघा, १९९२ ला सुरू झालेल्या पराग डेअरीचं. स्लाइस मला कधीच पटली नाही, पाव सोडून सगळ्याला चिकटते. आणि नावात "अ‍ॅनालॉग" दिसलं तर पाकीट परत ठेवा. त्यात दुधाच्या फॅटऐवजी बहुतेक वेळा वनस्पती तेल असतं. स्वस्त का आहे, ते तिथेच लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात.

रविवारी मी क्यूबचं पाकीट आजीसमोर ठेवलं आणि भिंगाने वाचून दाखवलं. तिने विचारलं, "३३१ म्हणजे?" म्हटलं, लिंबात जे आम्ल असतं ना, त्याचं मीठ. मग रेनेटची ओळ दाखवली, मराठीत समजावली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग एवढी वर्षं कोणी वाचून का नाही दाखवलं रे मला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकिटं घरात येत होती, इंग्रजी आम्हाला सगळ्यांना येत होतं.

संध्याकाळी तिने स्वतः थालीपीठ लावलं आणि उतरवायच्या आधी अर्धा क्यूब किसला. पहिला घास खाऊन म्हणाली, "खारट आहे." मग उरलेला अर्धाही किसला. एकादशीला मात्र चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.